रोजी, दाखला आणि मतभेद
(धम्मवर्गासाठी अभ्यासपाठ)



नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांचा वर्ग घेताना पहिले आर्यसत्य समजावून सांगावयास फारसे श्रम पडत नाहीत. जन्म, जरा, व्याधी आणि मरण ही दुःखे सांगून होतात न होतात तोच मागून एखादी माउली विचारते, "बाई, हे सारे पटले. पण पोरगा बी. ए. होऊन चार वर्षे घरी बसला आहे, त्याचे बापाशी पटत नाही, आणि निवडणूक आली की घरात दोन पक्ष होतात. हे कोणत्या दुःखात मोडते?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. किंबहुना हा प्रश्न टाळून जो धम्म शिकवला जाईल तो आपल्या वस्तीत टिकणार नाही. म्हणून आजच्या पाठात रोजी, नोकरीचा शोध आणि मतभेद या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करू.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे फिरत असतात. पहिले उत्तर जुन्या धर्मातून आपल्याबरोबर आले आहे : मागल्या जन्मी काही केले असेल, ते भोगून संपवावयाचे. देव्हाऱ्यातील देव आपण उतरवले, पण ही समजूत पुष्कळ घरांत अजून तशीच आहे. फक्त 'नशीब' या शब्दाच्या जागी 'कर्म' हा शब्द आला, आणि तो बौद्ध शब्द आहे असे मानून आपण निश्चिंत झालो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात या समजुतीचा मुद्दाम समाचार घेतला आहे. गरिबाच्या गरिबीला त्याचा मागला जन्म जबाबदार धरला की समाजाने आणि राज्याने करावयाचे काही उरतच नाही. असा निर्दय सिद्धान्त महाकारुणिक बुद्धाचा असू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

दुसरे उत्तर तरुणांचे : विहारात बसून पोट भरत नाही, जे काही व्हावयाचे ते राजकारणाने होईल. या उत्तरात राग आहे, आणि त्या रागाला कारणही आहे. परंतु ज्या बाबासाहेबांचे नाव घेऊन हे तरुण बोलतात त्यांनी कामगारांच्या प्रश्नावर प्रत्यक्षात काय केले, कोणाशी भांडण केले, कोणाबरोबर उभे राहिले, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच सांगता येते. तेव्हा तेथूनच सुरुवात करू.

गिरणीतला धोटा

मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून आणि देशावरून आलेले आपले पुष्कळ लोक काम करीत. गिरणी म्हणजे शहर, शहरात कोणी जात विचारीत नाही, अशी समजूत तेव्हाही होती. ती खरी नव्हती. सूतकताईच्या खात्यात आपल्या माणसांना घेत, झाडलोटीला घेत, पण विणाई खात्यात, म्हणजे जेथे साचे चालत आणि जेथे मजुरी जास्त मिळे तेथे, त्यांना पाऊल ठेवता येत नसे. कारण काय? साच्याच्या धोट्यात नवी कांडी बसवली की सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि हे काम झटपट व्हावे म्हणून विणकर छिद्राला ओठ लावून सूत तोंडाने ओढून घेई. अस्पृश्याचे ओठ ज्या धोट्याला लागले त्याला आपण तोंड कसे लावावे, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. एकाच भोंग्याला आत शिरणारे, एकाच चाळीच्या आसपास राहणारे, एकाच मालकाकडून पिळले जाणारे हे लोक; पण सुताच्या एका टोकावरून त्यांच्यात ही भिंत उभी राहिली होती. पिण्याच्या पाण्याचे पिंपही वेगळे असे.

१९२८ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिलमध्ये सुरू झालेला हा संप ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. संपवाल्यांच्या मागण्यांत विणाई खात्याच्या या बंदीचा उल्लेख नव्हता. बाबासाहेबांनी तो प्रश्न धरून लावला. अस्पृश्य कामगारांना सर्व खाती खुली करण्याची मागणी तुम्ही करणार नसाल तर आमच्या माणसांनी संपात का राहावे, असे त्यांनी पुढाऱ्यांना विचारले. पुढाऱ्यांनी नाराजीने का होईना ती मागणी घातली. मालकांनी काय उत्तर दिले असेल? हा अन्याय असला तरी त्याला आम्ही जबाबदार नाही, असे म्हणून त्यांनी हात झटकले. म्हणजे कामगार म्हणे हा आमचा धर्म, मालक म्हणे हा कामगारांचा आपसातला मामला, आणि आपला माणूस कमी मजुरीच्या खात्यात होता तेथेच राहिला.

पुढे १९२९ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला गेला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला उघड विरोध केला. आधीच्या सहा महिन्यांच्या संपाने कामगार कर्जात बुडाला आहे, त्याच्या पोटाचा विचार न करता राजकीय हेतूने त्याला पुन्हा रस्त्यावर आणले जात आहे, असे त्यांचे मत होते. साम्यवादी पुढाऱ्यांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. त्या वेळी कोणाचे किती बरोबर होते यावर अभ्यासकांत आजही वाद आहे, आणि वर्गात त्यावर अवश्य चर्चा व्हावी. येथे आपल्याला जे पाहावयाचे आहे ते पुढले आहे.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव लक्षात घ्या. जातीचे नाव नाही, मजुराचे आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसे असा अर्थ न घेता स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार असा घ्यावा, हा रोग सर्व जातींत शिरला आहे, असेही त्यांनी तेथेच बजावले. धोट्याची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्यात ठराविक परिस्थितीत केलेला संप गुन्हा ठरवून कामगाराला तुरुंगाची शिक्षा ठेवली होती. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास भाग पाडणे म्हणजे गुलामगिरी, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि ज्यांच्याशी १९२९ साली एवढे वाजले होते ते साम्यवादी खांद्याला खांदा लावून उभे होते. जुने मतभेद मिटले होते म्हणून असे झाले काय? मुळीच नाही. साम्यवादाबद्दलचे आपले आक्षेप बाबासाहेबांनी पुढेही कधी लपवले नाहीत. २० नोव्हेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या अवघ्या सोळा दिवस आधी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते याच विषयावर, बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांवर बोलले. मतभेद होते तेथे ते बोलून दाखवावयाचे आणि कामगाराच्या हिताचा नेमका मुद्दा आला तेथे एकत्र यावयाचे, हे दोन्ही एकाच माणसाने केले.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, ती त्यांच्या खात्याची. रोजगार विनिमय केंद्रांची, म्हणजे ज्याला आपण पुढे वर्षानुवर्षे 'एम्प्लॉयमेंटचे कार्ड' म्हणत आलो त्या व्यवस्थेची उभारणीही याच काळात सुरू झाली. नोकरी ही जॉबरच्या मर्जीवर किंवा नात्यागोत्यावर अवलंबून नसावी, नाव नोंदवलेल्या माणसाला ती क्रमाने मिळावी, हे त्यामागचे तत्त्व. जॉबरची मर्जी म्हणजे काय हे ज्यांच्या घरी गिरणी कामगार होता त्यांना ठाऊक आहे. माझे आजोबा कित्येक वर्षे बदली कामगार होते. सकाळी दरवाजावर उभे राहावयाचे, कोणी गैरहजर असेल तर आत घेतील, नाही तर घरी परत. १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा ते नुकतेच कायम झाले होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले. पुष्कळांना गिरणी पुन्हा दिसली नाही, आजोबा त्यांच्यापैकी एक.

तथागतांनी रोजीबद्दल काय सांगितले

काही जण म्हणतात की बुद्धाने इच्छा सोडावयास सांगितली, मग पगार वाढवून मागणे हीसुद्धा तृष्णाच नाही का? हा प्रश्न विचारणारे बहुधा स्वतः पगारदार असतात हे सोडून देऊ. परंतु उत्तर द्यावयास हवे, आणि ते सुत्तांतूनच देता येते.

दीघनिकायात कूटदंत नावाचे सुत्त आहे. मगधातील खाणुमत गावचा कूटदंत ब्राह्मण मोठ्या यज्ञाची तयारी करतो आणि यज्ञ कसा करावा हे विचारावयास भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला महाविजित राजाची गोष्ट सांगतात. या राजालाही मोठा यज्ञ करावयाचा असतो. त्याचा पुरोहित म्हणतो : महाराज, राज्यात चोऱ्या होतात, गावे लुटली जातात, अशा वेळी नवा कर बसवणे योग्य नाही. तुम्हाला वाटेल की चोरांना मारून, बांधून, हद्दपार करून हा उपद्रव थांबेल. पण जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. त्यापेक्षा जे शेती आणि गुरे करतात त्यांना बी-बियाणे आणि चारा द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे राजाच्या चाकरीत आहेत त्यांना अन्न आणि वेतन द्या. लोक आपापल्या कामाला लागतील आणि उपद्रव आपोआप शांत होईल. राजाने तसे केले. मग लोक मुलांना मांडीवर खेळवीत, दारे उघडी टाकून राहू लागले, असे वर्णन आहे.

या गोष्टीत दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. बेकारी हा बेकाराचा दोष आहे असे भगवंत कोठेही म्हणत नाहीत. काम पुरवणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून सांगतात. आणि प्रत्येकाला तो जे काम करतो त्याला लागणारे साधन द्यावयाचे आहे, भीक द्यावयाची नाही. निवडणुकीच्या तोंडावर साड्या आणि भांडी वाटणारे या सुत्तात बसत नाहीत.

सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, त्याला अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, गोडधोड असेल ते वाटून खावे, आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. कामगारानेही काम नीट करावे, न दिलेली वस्तू घेऊ नये, हे त्याच सुत्तात आहे. म्हणून पगार, आजारपणाची रजा आणि साप्ताहिक सुट्टी मागणारा बौद्ध कामगार तृष्णेने ग्रासलेला नसतो. तो सिगालाला सांगितलेला धम्मच मालकाला आठवण करून देत असतो.

दाखल्याचा प्रश्न

आता नोकरीच्या शोधाकडे येऊ. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या प्रवेशाच्या टेबलाशी बसले की हाच प्रश्न माझ्यासमोर येतो. दीक्षा घेतलेले आईवडील मुलाचे नाव घालावयास येतात. अर्जात धर्माच्या रकान्यात ते अभिमानाने 'बौद्ध' लिहितात. जातीच्या रकान्यात पेन थांबते. काही जण तेथेही 'बौद्ध' लिहितात, काही रकाना कोरा ठेवतात, आणि काही भीतीने धर्माच्या रकान्यातच 'हिंदू' लिहून मोकळे होतात. ही भीती कोठून आली हे समजावे म्हणून थोडा इतिहास.

१० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी जाहीर झाली. अनुसूचित जातीचा समजला जावयाचा तर माणूस हिंदू असला पाहिजे अशी त्यात अट होती. १९५६ साली शीख धर्मीयांना त्यात घेतले गेले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला आपल्या वाडवडिलांनी दीक्षा घेतली, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या सवलती गेल्या. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. परंतु रेल्वे, टपाल, बँका अशा केंद्राच्या नोकऱ्यांचा दरवाजा बंदच होता. दिल्लीत त्यासाठी वर्षानुवर्षे मागणी चालू राहिली आणि १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार असताना, संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला. १९५६ ते १९९०, म्हणजे चौतीस वर्षे, एका माणसाला धम्म आणि नोकरी यांतून निवड करावी लागत होती. त्या काळात पुष्कळांनी घरात बुद्धवंदना म्हटली आणि कागदावर जुना धर्म ठेवला. त्यांना आज कोणी भित्रे म्हणू नये. त्यांच्याच पगारावर आपल्यातले पुष्कळ शिकले.

आज ती निवड करावी लागत नाही. धर्म बौद्ध लिहूनही अनुसूचित जातीची सवलत राज्यात आणि केंद्रात मिळते. मात्र एक गोष्ट समजून घ्या : राष्ट्रपतींच्या यादीत जातींची नावे आहेत, 'बौद्ध' हे नाव त्या यादीत नाही. म्हणून केंद्राच्या नोकरीसाठी जो दाखला लागतो त्यात मूळ जातीचा उल्लेख यावा लागतो. मूळ जात महार असो, मांग असो, चांभार असो, शाळेच्या रजिस्टरात धर्म 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात ती मूळ जात, अशी नोंद असली तर पुढे अडचण कमी येते. जे नाव आपण टाकून दिले ते पुन्हा स्वतःच्या हाताने का लिहावे, असा संताप होतो. तो मलाही होतो. पण मला वाटते, त्या रकान्यात आपण स्वतःची ओळख लिहीत नसतो. आपल्या घराण्यावर काय अन्याय झाला याची ती नोंद असते, आणि ज्याला भरपाई मागावयाची आहे त्याने अन्यायाची नोंद खोडून चालत नाही. ओळख धर्माच्या रकान्यात लिहिलेली आहे.

दाखला काढून काम संपत नाही. पुढे पडताळणी समितीकडून त्याची वैधता घ्यावी लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. कायम वास्तव्य आणि जात दाखवणारा कागद, बहुधा आजोबांचा किंवा पणजोबांचा. हे काम मुलगा बारावीला गेल्यावर सुरू करू नये. प्रवेशाच्या ऐन वेळी तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेले बाप मी पाहिले आहेत.

आणि दाखला हातात आला म्हणजे नोकरी आली असेही नाही, हे तरुणांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझ्या स्वतःच्याच धंद्याचे घ्या. राज्यात २०१२ साली शिक्षक भरतीवर बंदी आली. डी. एड., बी. एड. झालेली आमची पिढी तासिका तत्त्वावर आणि खाजगी शिकवण्यांवर वर्षे काढीत राहिली. अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली, आणि निवडीसाठी 'पवित्र' नावाची व्यवस्था आली. त्यापूर्वी एका खाजगी संस्थेच्या चालकांनी मला मुलाखतीत विषयाचा एकही प्रश्न न विचारता, इमारत निधीला किती देता येईल एवढेच विचारले होते. माझ्या वडिलांची सर्व हयातीची कमाई तेवढी नव्हती. चाचणीचे गुण लागू झाले म्हणून मी आज वर्गात उभी आहे. शिक्षण सेवक म्हणून प्राथमिकच्या उमेदवाराला महिना ६,००० रुपये मिळत. २०२३ साली ते १६,००० झाले. गवंड्याच्या हाताखालचा माणूस त्या सहा हजारांपेक्षा अधिक मिळवीत असे, ही गोष्ट माझे शेजारी मला हसत हसत सांगत, आणि ती खरी होती.

सफाई खात्यात तर कंत्राटाचे राज्य आहे. मुंबई महानगरपालिकेचा कचरा उचलणारे, बहुतांशी आपल्याच समाजांतले कामगार वर्षानुवर्षे कंत्राटदाराचे म्हणून दाखवले जात. 'कचरा वाहतूक श्रमिक संघ' या त्यांच्या संघटनेने हा खटला चिकाटीने लढवला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतरही नावाच्या स्पेलिंगमधील फरकावरून कित्येकांना ताटकळत ठेवले गेले. हजेरीपत्रकावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे. कागद नीट ठेवा असे मी वर्गात पुन्हा पुन्हा का सांगते ते यावरून कळेल.

या सर्व वर्षांत घरात काय होते तेही बोलले पाहिजे. मुलगा उशिरा उठतो म्हणून बाप टाकून बोलतो. मुलगा बोलणे बंद करतो. आई दोघांच्या मध्ये उभी राहून चार घरची धुणीभांडी करून आणते, आणि तिच्या पैशावर चाललेल्या घरात तिलाच कोणी विचारीत नाही. दारूचा पहिला घोट पुष्कळदा याच काळात घेतला जातो, पाचवे शील तोंडपाठ असलेल्या घरातसुद्धा. सम्यक वाचा म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे. कठोर बोलणे टाळणे हाही तिचाच भाग आहे. अर्ज करून, परीक्षा देऊन, रांगेत उभा राहून परत आलेल्या मुलाला 'आज काय झाले' असे साध्या आवाजात विचारणे हे पुष्कळ बापांना जमत नाही, कारण त्यांना स्वतःला कोणी तसे विचारलेले नसते.

एका घरात दोन पक्ष

शेवटचा विषय मतभेदाचा. आपल्या चळवळीत फाटाफूट फार, असे आपण खाली मान घालून म्हणतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांच्या आत त्याचे 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. दादासाहेब गायकवाड भूमिहीनांचा सत्याग्रह घेऊन निघाले होते, बी. सी. कांबळे यांच्या बाजूला त्यात साम्यवादाचा वास येत होता. १९७२ साली दलित पँथर निघाली, १९७४ साली राजा ढाले आणि नामदेव ढसाळ वेगळे झाले. तेथेही प्रश्न तोच : बुद्ध-आंबेडकरांचा मार्ग की मार्क्सशी जवळीक, जात आधी की वर्ग आधी. म्हणजे १९२८ साली धोट्यावरून जो वाद निघाला तोच पुनःपुन्हा निघत राहिला. या भांडणांत मानापमान होते, स्वार्थ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाद खोटा नव्हता. गरिबी आणि अस्पृश्यता ही दोन्ही ओझी एकाच पाठीवर होती. आधी कोणते उतरवावे यावर पाठीच्या मालकांतच मतभेद होणार.

संघातही असे झाले होते. कोसंबीच्या घोषितारामात शौचाच्या पाण्याचे भांडे रिकामे न करता ठेवले, एवढ्या कारणावरून एक विनयधर आणि एक धम्मधर भिक्खू यांच्यात वाद झाला. पाहता पाहता दोन तट पडले. खुद्द भगवंतांनी समजावले, दीघावु राजपुत्राची कथा सांगितली, तरी भिक्खू म्हणाले, भगवंतांनी निवांत असावे, आमचे आम्ही पाहून घेऊ. तेव्हा भगवंत कोणाला काही न सांगता पारिलेय्यक वनात निघून गेले. पुढे कोसंबीच्या उपासकांनी काय केले ते फार महत्त्वाचे आहे. त्यांनी दोन्ही तटांच्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा घालणे बंद केले. पोटाला चिमटा बसल्यावर भिक्खू श्रावस्तीला भगवंतांकडे गेले.

ते येत आहेत असे कळल्यावर अनाथपिंडिकाने विचारले, भगवान, या भांडखोरांशी मी कसे वागावे? भगवंतांनी सांगितले ते असे : दोन्ही बाजूंना दान दे, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐक, आणि जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मत मान्य कर. दोघांनाही हाकलून दे असे म्हटले नाही, आणि दोघेही सारखेच बरोबर आहेत असेही म्हटले नाही.

आपल्या वस्तीत जयंतीच्या दोन समित्या वर्गणी मागावयास येतात, बाप एका गटाचा आणि मुलगा दुसऱ्या, सासू एका चिन्हाला मत देते आणि सून दुसऱ्या. मत ज्याचे त्याचे आहे, कायद्याने ते गुप्त ठेवले आहे. त्यावरून ताट सरकवण्याचे कारण नाही. पण वर्गणी देताना दोन्ही समित्यांना एकच प्रश्न विचारता येतो : वस्तीत नोकरी शोधणारी मुले-मुली किती, त्यांतल्या किती जणांकडे वैधतेचा कागद आहे, आणि त्यासाठी तुमच्यापैकी कोण तहसीलला जाणार आहे? ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्या पावतीवर कोसंबीच्या उपासकांप्रमाणे विचार करावा.

पुढील वर्गासाठी काम असे. प्रत्येक कुटुंबाने आजोबा किंवा पणजोबांचा १९५० पूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून त्याची प्रत आणावी. ज्यांच्या घरी आजोबांना शाळेचे दारच दिसले नाही त्यांनी गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल मिळते का ते तहसील कचेरीत विचारावे. त्या नोंदीत जात लिहिलेली असते. नक्कल मिळाली तर प्रत्येक कागदावर नावाचे स्पेलिंग सारखे आहे की नाही ते वर्गात सर्वांनी मिळून तपासू. येताना चष्मा आणावा.